काट्याची चूक

'होकायंत्राचा काटा नेहमी उत्तर दिशा दाखवतो' हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. रिकाम्या जागा भरण्यापुरते ते ठीकच आहे. परंतु केवळ या वाक्याच्या भरवशावर एखाद्याने समुद्रात नाव लोटली, तर ती इच्छित बंदराला लागेल याची हमी कोणी देऊ शकणार नाही. काटा उत्तरेच्या आसपास कोठेतरी पाहत असतो. तो खऱ्या उत्तरेपासून किती ढळला आहे, कोणत्या बाजूला ढळला आहे आणि कशामुळे ढळला आहे, हे ज्याला सांगता येते त्यालाच होकायंत्र वाचता येते असे म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखात माझे म्हणणे एवढेच आहे की, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपल्याला काटा वाचायला जसे शिकवतात, तसेच काट्याची चूक शोधायला, ती शाईने लिहून ठेवायला आणि मग हिशेबात धरायला शिकवले पाहिजे. आज शोधलेल्या चुकीला आपल्याकडे गुण नाहीत. ते असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, घुग्घुसच्या पोरांना नावेच्या होकायंत्राचे काय घेणे? समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. आपली वर्धा नदी ओलांडायला डोंगा पुरतो, आणि डोंगा चालवणाऱ्याला समोरचा काठ दिसतच असतो. आक्षेप वरवर बरोबर आहे. परंतु भारताचे सागरी नकाशे काढणारे राष्ट्रीय जलआलेखन कार्यालय मुंबईत नाही, कोचीनमध्ये नाही, ते हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनला आहे. समुद्राची विद्या किनाऱ्यावरच्याच माणसांनी शिकावी असा काही दंडक नाही. शिवाय ज्या गोष्टीमुळे नावेवरचा काटा बहकतो, ती गोष्ट म्हणजे लोखंड, आणि लोखंडाच्या बाबतीत आपले गाव कोणत्याही बंदराला हार जाणारे नाही. याविषयी पुढे सविस्तर येईलच.

आधी चूक म्हणजे काय ते पाहू. तिचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत.

पहिली चूक पृथ्वीची. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचे टोक म्हणजे भौगोलिक उत्तर ध्रुव. काटा मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरतो, आणि त्या क्षेत्राचा ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नाही. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील कोनाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. तो प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. आपल्या चंद्रपूर भागात तो फार तर एखाद्या अंशाएवढा आहे. पण समुद्र ओलांडणाऱ्याची सुटका इतक्या स्वस्तात होत नाही. कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या वाटेवर न्यूझीलंडचे लिटल्टन बंदर होते, तेथे काटा खऱ्या उत्तरेच्या वीस अंशांहून अधिक पूर्वेला झुकतो. त्याच वाटेवर केप टाउन होते, तेथे तो वीस अंशांहून अधिक पश्चिमेला झुकतो. म्हणजे एकच नौका, एकच खलाशी, आणि दोन बंदरांतील काट्याच्या बोलण्यात चाळीस अंशांहून अधिक तफावत!

बरे, ही चूक एका जागी तरी कायम राहावी! तेही नाही. जेम्स क्लार्क रॉस १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या प्रदेशात उत्तर चुंबकीय ध्रुवावर प्रथम पोहोचला. त्यानंतर तो ध्रुव सरकत सरकत आता सायबेरियाच्या दिशेने निघाला आहे. लंडनजवळच्या ग्रिनिच येथे २०१९ मध्ये काटा खऱ्या उत्तरेशी जुळला. असा योग तेथे सुमारे ३६० वर्षांनी आला. म्हणूनच सागरी नकाशावर छापलेल्या दिशाचक्रात दिक्पाताचा नुसता आकडा नसतो. तो कोणत्या वर्षीचा आहे आणि दरवर्षी किती बदलतो हेही तेथेच छापलेले असते. आपण प्रात्यक्षिकात जे स्थलनिर्देशक नकाशे वापरतो त्यांच्या समासातही अशी वर्षासह नोंद असते. ती वाचण्यात किती विद्यार्थी वेळ घालवतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

दुसरी चूक नावेची. नावेवर इंजिन असते, नांगर असतो, साखळदंड असतात, कधी सबंध नावच पोलादाची असते. हे लोखंड काट्याला आपल्याकडे ओढते. या चुकीला विचलन म्हणतात. पहिली चूक त्या प्रदेशातील सर्व नावांना सारखीच असते. दुसरी प्रत्येक नावेची स्वतःची असते. एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी बांधलेल्या दोन नावांचे विचलन वेगळे असू शकते. इतकेच नव्हे, तर एकाच नावेचे विचलन तिने तोंड फिरवले की बदलते. कारण उघड आहे. नाव वळली की तिच्यावरचे लोखंडही तिच्याबरोबर वळते, काटा मात्र उत्तरेकडेच राहू पाहतो. त्यामुळे काट्याच्या दृष्टीने लोखंड कधी उजवीकडे येते, कधी डावीकडे, कधी पुढे, कधी मागे.

ही दुसरी चूक ज्याने फार लवकर टिपली त्या माणसाचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे, हे मला वाचताना फार गमतीचे वाटले. झुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज सरदार १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला आला. वाटेत आणि नंतर गोवा ते दीव या प्रवासात त्याने जागोजाग दिक्पात मोजला. जहाजावरच्या लोखंडी तोफा जवळ असल्या की काटा हलतो हे त्याच्या ध्यानात आले. वसईजवळच्या समुद्रात थोड्या थोड्या अंतरावर काट्याचे म्हणणे बदलते हेही त्याने नोंदवले आणि त्याचे खापर तेथील खडकांवर फोडले. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर व शेवटी व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. राज्यकर्ता म्हणून त्याचे काय मूल्यमापन करायचे ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करावे. माझ्या दृष्टीने त्याची थोरवी अशी की, आकडे जुळत नाहीत असे दिसल्यावर त्याने ते जुळवून घेतले नाहीत. ते जसेच्या तसे लिहिले आणि मग कारण शोधले.

जहाजे लाकडाची होती तोवर विचलनाचा जाच थोडाच होता. एकोणिसाव्या शतकात लोखंडी जहाजे आली आणि तो जिवावर बेतू लागला. 'टेलर' नावाचे नवे कोरे लोखंडी जहाज १८५४ च्या १९ जानेवारीला लिव्हरपूलहून मेलबर्नला जाण्यासाठी पहिल्याच सफरीवर निघाले. जहाजावर साडेसहाशेच्या आसपास माणसे होती, त्यांत बायकामुले पुष्कळ. निघण्यापूर्वी होकायंत्रांची तपासणीही झाली होती. समुद्रात गेल्यावर जहाजावरच्या होकायंत्रांचे आपसांत पटेना. जहाज दक्षिणेकडे चालले आहे अशा समजुतीत ते पश्चिमेला आयर्लंडच्या किनाऱ्याकडे सरकत राहिले आणि २१ तारखेला डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळले. साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. नवी दोरखंडे, अपुरे खलाशी, खराब हवा अशी इतरही कारणे होती. तरी काट्याच्या चुकीचा वाटा त्यांत मोठा होता.

या अपघातानंतर इंग्लंडात जो वाद झाला तो आपण सर्वांनी समजून घेण्याजोगा आहे. एका बाजूला राजज्योतिषी जॉर्ज एअरी. त्यांनी १८३८ मध्ये 'रेनबो' या लोखंडी जहाजावर प्रयोग करून होकायंत्राजवळ योग्य जागी चुंबक आणि लोखंडाचे तुकडे बसवून विचलन जवळजवळ नाहीसे करण्याची रीत बसवली होती. दुसऱ्या बाजूला विल्यम स्कोर्सबी. हा गृहस्थ आधी आर्क्टिक समुद्रातला देवमाशांचा शिकारी आणि नंतर धर्मोपदेशक. त्याचे म्हणणे असे की, जहाज बांधताना हातोड्यांच्या घावांनी लोखंडात जे चुंबकत्व शिरते, ते जहाज समुद्रावर लाटांचे दणके खाऊ लागले की बदलते. मग बंदरात केलेली दुरुस्तीच दिशाभूल करते. आपले म्हणणे पडताळण्यासाठी हा म्हातारा १८५६ मध्ये 'रॉयल चार्टर' या लोखंडी जहाजातून ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. आज मागे वळून पाहिले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. दुरुस्ती करावी लागतेच, आणि केलेली दुरुस्ती पुन्हा पुन्हा तपासावीही लागते. पुढे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी होकायंत्राच्या खांबाच्या दोन्ही अंगांना लोखंडी गोळे आणि आत चुंबकांच्या जागा असलेली जी रचना केली, ती याच एअरीच्या वाटेवरची होय. तथापि गोळे बसवले म्हणून कोणी तपासणी सोडून दिली नाही.

आता ही तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगते. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा निवडायच्या, समजा पुढे दीपगृह आणि मागे टेकडीवरच्या देवळाचा कळस. या दोन्ही ज्या ठिकाणाहून एका रेषेत दिसतात, त्या रेषेची दिशा सागरी नकाशावरून अचूक कळते. मग नाव त्या रेषेवरून वेगवेगळ्या दिशांना तोंड करून न्यायची. एकदा उत्तरेला, एकदा ईशान्येला, एकदा पूर्वेला, अशी आठही दिशांना. दर खेपेस दोन्ही खुणा एकमेकींवर आल्या की होकायंत्रावर त्यांची दिशा वाचायची. नकाशावरून काढलेली चुंबकीय दिशा आणि वाचलेली दिशा यांतला फरक म्हणजे नावेचे तोंड त्या दिशेला असतानाचे विचलन. आठ दिशांची आठ विचलने एका तक्त्यावर लिहून तो तक्ता सुकाणूजवळ टांगायचा. समजा, उत्तरेला २ अंश पूर्व, पूर्वेला ४ अंश पश्चिम, दक्षिणेला ३ अंश पश्चिम, पश्चिमेला ५ अंश पूर्व, असा तक्ता निघाला. असा तक्ता असलेली नाव म्हणजे सदोष नाव नव्हे. आपला दोष जिला तोंडपाठ आहे अशी ती नाव होय.

हिशेब तर अगदी सोपा आहे. नकाशावरून खऱ्या दिशेने ७९ अंशांवर जायचे आहे असे समजू. दिक्पात १ अंश पश्चिम, म्हणून चुंबकीय दिशा ८० अंश. नावेचे तोंड जवळजवळ पूर्वेला आहे, तेव्हा तक्त्याप्रमाणे विचलन ४ अंश पश्चिम, म्हणून होकायंत्रावर ८४ अंश धरायचे. नकाशावरून होकायंत्राकडे येताना पश्चिमेची चूक मिळवायची आणि पूर्वेची वजा करायची; होकायंत्रावरून नकाशाकडे जाताना याच्या उलट. ज्याने हा हिशेब न करता होकायंत्रावर ७९ अंश धरले, तो प्रत्यक्षात ७४ अंशांवर जाईल. साठ सागरी मैल गेल्यावर एका अंशाची चूक साधारण एक मैल बाजूला नेते. म्हणजे पाच अंशांनी पाच मैलांची चूक झाली. खडकाळ किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी पाच मैल म्हणजे काय, ते एखाद्या तांडेलालाच विचारावे.

समुद्रावरच्या माणसांना हा हिशेब करता यावा म्हणून कोणीतरी जमिनीवर बसून वर्षानुवर्षे काटा मोजत असतो. ते काम आपल्या राज्यात अलिबागला चालते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा या विजेने निरीक्षणे बिघडतील हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी नवी जागा निवडली ती अलिबागची. तेथील निरीक्षणगृहे पोरबंदरच्या वालुकाश्माची बांधली, आणि तो दगड चुंबकीय नाही याची आधी परीक्षा घेतली. अलिबागला १९०४ मध्ये काम सुरू झाले. तरीही कुलाब्याची निरीक्षणे लगोलग थांबवली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली, म्हणजे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांतला फरक कायमचा कळून राहील. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा काटा सुखरूप अलिबागला पोहोचला होता. भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वतंत्र झाली आणि आज अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत आहे. मुंबईला ट्राम हवी होती आणि ती मिळाली. काट्याला शांतता हवी होती, तीही मिळाली. दोन्ही गोष्टी साधल्या त्या केवळ काट्याला काय बाधते हे आधीपासून माहीत असलेला माणूस योग्य जागी होता म्हणून.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे पृथ्वीची चूक लहान आणि लोखंडाची चूक मोठी! येथील दिक्पात एखाद्या अंशाएवढा, आणि आपला प्रिझमॅटिक कंपास मुळी अर्ध्या अंशापर्यंतच वाचता येतो. म्हणजे निसर्गाने आपल्यावर कृपाच केली आहे. पण चहूकडे पाहा. कोळशाच्या मालगाड्यांच्या सायडिंगा, सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना, रांगेने उभे ट्रक, विजेच्या तारांचे मनोरे, लोखंडी फाटके आणि कुंपणे. अशा गावात कंपास घेऊन उभे राहणे म्हणजे पोलादी जहाजावर उभे राहण्यासारखेच आहे. त्यात भर म्हणून सर्वेक्षणाची साखळी स्वतः लोखंडाची, रेंजिंग रॉडच्या टोकाला लोखंड, आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. त्या मोबाईलच्या पाकिटालाही बंद होण्यासाठी चुंबक!

जमिनीवर एक सोय मात्र आहे. येथे लोखंड आपल्याबरोबर वळत नाही, ते जागच्या जागी असते. म्हणून एका ठाण्यावर उभे राहून घेतलेल्या सर्व बेअरिंगांत एकसारखीच चूक येते, आणि ती सापडते. एका रेषेच्या दोन टोकांवरून परस्परांकडे पाहिले तर दोन बेअरिंगांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. मी ज्या गटात होते त्या गटाने चार ठाण्यांचा बंद ट्रॅव्हर्स घेतला. पहिल्या ठाण्यावरून दुसऱ्याचे बेअरिंग ६२ अंश आले, दुसऱ्यावरून पहिल्याचे २४६. हवे होते २४२. दुसऱ्यावरून तिसऱ्याचे १३० आले, तिसऱ्यावरून दुसऱ्याचे ३०६. हवे होते ३१०. तिसरे आणि चौथे मात्र एकमेकांशी अगदी चोख जुळले. तेव्हा तिसरे ठाणे शुद्ध मानायचे. त्याचे ३०६ खरे, म्हणून दुसऱ्यावरून तिसऱ्याचे बेअरिंग १२६ असायला हवे होते आणि आले १३०. म्हणजे दुसऱ्या ठाण्यावर काटा चार अंश जास्त दाखवतो. तेथली सर्व बेअरिंगे चार अंशांनी कमी केली की २४६ चे २४२ होतात आणि पहिल्या ठाण्याच्या ६२ शी जुळतात. दुसऱ्या ठाण्याला लागूनच लोखंडी कुंपण होते. तीन रेषांचे आकडे एका क्षणात बोलके झाले. वर्षभरात भूगोल समजल्याचा इतका स्वच्छ आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही.

परंतु हा आनंद जर्नलमध्ये दिसत नाही, ही माझी तक्रार आहे. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की बेअरिंग जुळले नाही तर ते 'बसवून' टाकायचे. २४६ खोडून २४२ करायचे, मग स्वच्छ कागदावर उतरवायचे, आकृती सुबक रंगवायची आणि सही घ्यायची. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून पुढच्या वर्षीचे आकडे उतरतात असेही ऐकू येते, आणि हे एखाद्याच महाविद्यालयात घडते असे कोणी समजू नये. यात विद्यार्थ्यांना तरी किती दोष द्यावा? ट्रॅव्हर्स जुळला की पूर्ण गुण, न जुळला की गुण वजा, असा हिशेब असेल तर मुले जुळवणारच. पण २४६ खोडले की त्याबरोबर लोखंडी कुंपणही खोडले जाते. कागदावर जे उरते त्यात आपले गाव राहतच नाही.

हा प्रश्न गुणांपुरता नाही. आपल्या गावातील कित्येक घरांतून रोज माणसे खाणीवर जातात. जमिनीखाली खुणेला सूर्य नाही, तारे नाहीत. नकाशा हाच डोळा. पूर्वी खाणीत होकायंत्राने सर्वेक्षण होई, आणि रुळांचे लोखंड काटा फिरवते म्हणूनच पुढे थिओडोलाइटने कोन मोजण्यावर भिस्त ठेवावी लागली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील क्वीक्रीक येथे २००२ च्या जुलैत खाणकामगारांनी शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीची भिंत फोडली, आणि तिच्यात साठलेले पाणी त्यांच्या अंगावर आले. ती जुनी खाण जवळच्या नकाशावर दिसत होती त्याहून पुढे आलेली होती. नऊ जण तीन दिवस आत अडकले. सुदैवाने नऊही वाचले. तेथे चूक होकायंत्राची नव्हती. कागद आणि जमीन यांत पडलेले अंतर कोणी भरून काढले नव्हते. आकडा 'बसवण्या'ची सवय ज्या वयात लागते, त्याच वयात नकाशा करण्याची सवय लागते, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, जीपीएस आहे, काट्याचे हे पुराण कशाला? जीपीएस आपण कोठे आहोत ते सांगते. उभ्या नावेचे तोंड कोणीकडे आहे हे साधे जीपीएस सांगू शकत नाही. ती चालू लागल्यावरच ते कळते. मोबाईलमध्ये दिशा दाखवणारे जे यंत्र असते तेही चुंबकीय क्षेत्रच मोजते. लोखंडी टेबलावर ठेवले की तेही बहकते, आणि म्हणूनच ते आपल्याला फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवायला सांगते. ते फिरवणे म्हणजे नावेला आठ दिशांना वळवण्याचाच धाकटा भाऊ! शिवाय युद्धाच्या छायेतील समुद्रांत उपग्रहांचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात, हे अलीकडे वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार आजही जहाजावर विजेवाचून चालणारे, नीट जुळवलेले होकायंत्र किंवा तशा तोडीचे साधन मागतो, त्यामागे काही अर्थ असलाच पाहिजे.

तेव्हा माझ्या सूचना अशा. पहिली, प्रात्यक्षिकाच्या वहीत मूळ वाचन शाईने असावे आणि ते खोडू नये. दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात, कारणासह लिहावा. दुसरी, दहांपैकी निदान तीन गुण चूक शोधण्याला असावेत. ज्याचा ट्रॅव्हर्स एकही अंश न चुकता जुळला, त्याला प्राध्यापकांनी आधी कौतुकाने आणि मग संशयाने पाहावे. तिसरी, आपल्या आवाराचा एक विचलन-तक्ता करून भूगोल विभागाच्या भिंतीवर टांगावा. फाटकाजवळ किती, सायकल स्टँडजवळ किती, मैदानाच्या मध्यभागी किती, हे त्यात असावे. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांनी तो तपासावा आणि बदल झाला असल्यास खाली साल घालून लिहावा.

चौथी सूचना मला सर्वांत प्रिय आहे. मैदानात एक सरळ काठी रोवावी आणि तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे आत शिरताना शिवते तेथे एक खूण आणि दुपारनंतर बाहेर पडताना शिवते तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिच्यावरचा लंब म्हणजे खरी उत्तर. ही शंकूची रीत आपल्या शुल्बसूत्रकारांना ठाऊक होती. सावल्यांची हीच युक्ती द कास्त्रोने जहाजावर वापरली. मग त्या लंबावर कंपास धरून पाहावे. काठीला पैसे पडत नाहीत, सूर्य आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे, आणि वेळापत्रकातला एकच दिवस लागतो. काठी मात्र लाकडाची घ्यावी. लोखंडी गज नको.